आम्हाला पडद्यावर मुकं कुणी केलं?

या मे महिन्यात नांदेडला चार दिवस सिनेमांचा महोत्सव झाला. कुणी भरवला, कोणत्या हॉलात भरवला, हे लिहीत नाही. एखाद्या माणसाशी भांडायला हे पान नाही. भरवणारांनी चार चांगले सिनेमे मोठ्या पडद्यावर दाखवले हेही खरंच आहे. उमरीहून मी आणि माझा चुलतभाऊ रोज जात होतो. तिसऱ्या दिवसापासून आत्याही आली. दुपारची गाडी, मुदखेडला चढउतार, नांदेडात तापलेला रस्ता आणि मग एकदम हॉलातला गारवा. पासाचे पैसे आत्याच्या एका दिवसाच्या रोजाइतके. ती म्हणाली, “बसून पैसे घालवायचे म्हणजे बघावं तरी काय बघायलाव तुम्ही रोज.”

पहिल्या दिवशी ‘सुजाता’, दुसऱ्या दिवशी ‘अंकुर’, तिसऱ्या दिवशी ‘सद्गती’, चौथ्या दिवशी ‘फँड्री’. चारही सिनेमांत गावगाड्याच्या तळातला माणूस मधोमध. म्हणजे आपणच. प्रत्येक सिनेमा संपला की चर्चा. चर्चा म्हणजे स्टेजवर तीन खुर्च्या, एक माईक, समोरच्या दोन रांगांत एकमेकांच्या ओळखीची माणसं आणि मागं आमच्यासारखी. बोलणारे अभ्यासू होते. कॅमेरा, प्रकाश, अभिनय यांबद्दल त्यांनी सांगितलं त्यातून मी शिकलो, ते नाकारत नाही. पण चार दिवसांत ‘मूक वेदना’ हा शब्द किती वेळा आला ते चुलतभाऊ बोटांवर मोजत होता. दोन्ही हातांची बोटं संपली.

मी लिहायला बसलो तो या एका शब्दासाठी. आपली वेदना मूक होती हे ठरवलं कुणी?

जरा मागं जाऊ. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, जर्मन माणूस. देविकाराणी झाली कस्तुरी, रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य चौकीदाराची पोरगी. अशोककुमार झाला प्रताप, ब्राह्मणाचा पोरगा. त्यांचं लग्न होत नाही. शेवटी रुळावर माणसं मारामारी करत असतात, गाडी येत असते, ती थांबवायला कस्तुरी धावते आणि गाडीखाली मरते. मेल्यावर तिला मान मिळतो. त्याच वर्षी लाहोरच्या मंडळानं नको म्हटलेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या पैशानं छापलं, तेच ‘जातिनिर्मूलन’. आणि ३१ मे १९३६ला मुंबईत महार परिषदेपुढं उभं राहून त्यांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हा प्रश्न टाकला. एकाच वर्षात इकडं एक माणूस आपल्याला जगायचं कसं ते विचारतोय आणि तिकडं पडदा आपल्याला चांगलं मरायला शिकवतोय. मित्रांनो, हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका.

‘सुजाता’ १९५९चा, बिमल रॉय यांचा. नूतननं काम असं केलंय की डोळे भरतात. माझेही भरले. अस्पृश्य आईबापाची अनाथ पोर इंजिनिअरच्या घरात वाढते, पण आई म्हणायची ती बाई तिला मुलगी मानत नाही, ‘मुलीसारखी’ मानते. हा ‘सारखी’ शब्द सिनेमानं बरोबर पकडलाय. शहरातल्या भाड्याच्या घरांत आपल्यातल्या कितीजणांना तो भेटला असेल. मग घरातली बाई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि ते जुळतं फक्त सुजाताचं. ती रक्त देते. मग ती मुलगी होते.

म्हणजे १९३६ साली जीव द्यावा लागला, १९५९ साली रक्तावर भागलं. दर थोडा उतरला एवढंच! सुजाता खचून घाटावर जाते तेव्हा तिथं तिला धीर द्यायला गांधींचा पुतळा आहे. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. लाखो माणसांनी धर्म सोडला होता, नावं बदलली होती, देव नदीत टाकले होते. त्यातलं काही त्या घाटावर पोचलं नाही. सुजातानं रक्त द्यायचं नाकारलं असतं तर? किंवा रक्त दिलं असतं आणि त्या घरातून निघून गेली असती तर? हा प्रश्न मी चर्चेत विचारला. स्टेजवरून उत्तर आलं की कलाकृतीत काय नाही ते विचारायचं नसतं. माईक पुढच्या रांगेत गेला.

दुसऱ्या दिवशी ‘अंकुर’. श्याम बेनेगल यांचा, १९७४चा. यातली दखनी हिंदी ऐकली आणि मागच्या रांगा जाग्या झाल्या. ती आमच्या नांदेडच्या बाजारातली भाषा आहे. १९५६पर्यंत आम्ही आणि तो मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होतो. तोच देशमुखी वाडा, तीच शेंदीची झाडं. लक्ष्मीचा नवरा किष्टय्या मुका आणि बहिरा. जमीनदाराचा पोरगा सूर्या लक्ष्मीला ठेवतो, तिला दिवस जातात तेव्हा हात झटकतो. निघून गेलेला किष्टय्या परत येतो, काम मागायला सूर्याकडं निघतो. सूर्याच्या मनात चोर. त्याला वाटतं हा मारायला आला, आणि तो त्याला फोडून काढतो. तेव्हा लक्ष्मी बोलते. शिव्याशाप देते, जमीनदाराला उघडं करते. ते बोलणं मला मोठं वाटलं, कारण ते कष्टकरी बाईच्या तोंडातलं आहे. आणि अगदी शेवटी एक लहान पोरगा सूर्याच्या खिडकीवर दगड मारतो आणि पळतो.

चर्चेत सगळे त्या दगडावर बोलले. अंकुर म्हणजे कोंब, म्हणजे क्रांतीचा कोंब, वगैरे. मला प्रश्न पडला तो किष्टय्याचा. नवरा मुकाच का लागला? बोलता नवरा असता तर गोष्ट पुढं सरकली नसती. आपल्या माणसाची जीभ काढून घेतल्याशिवाय लेखकाला आपली दया येत नाही की काय? १९८०च्या ‘आक्रोश’मध्ये बघा. गोविंद निहलानी यांचा सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. आदिवासी लहान्या भिकूवर स्वतःच्या बायकोच्या खुनाचा आळ. सगळा सिनेमाभर तो एक शब्द बोलत नाही. त्याच्या वतीनं तळमळतो तो वकील भास्कर कुलकर्णी. शेवटी लहान्या ओरडतो, तेही कुऱ्हाडीनं बहिणीला मारल्यावर. ओम पुरीनं डोळ्यांनी केलेलं ते काम कुणी विसरणार नाही. पण हिशेब काय झाला? विचार करायचा कुलकर्ण्यानं, बोलायचं कुलकर्ण्यानं, आणि आदिवासीनं एकतर गप्प बसायचं नाहीतर ओरडायचं. त्याच्या वाट्याला वाक्य नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या आली. ‘सद्गती’ सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केला. प्रेमचंदांची गोष्ट. दुखी चांभार, तापातून नुकताच उठलेला, पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला भटाकडं जातो. भट त्याला झाडायला लावतो, ओझं वाहायला लावतो आणि गाठीचं एक लाकूड फोडायला लावतो. उपाशीपोटी कुऱ्हाड मारता मारता दुखी तिथंच मरतो. चांभारवाड्यातली माणसं प्रेत उचलायला येत नाहीत. ते पडलंय विहिरीच्या वाटेवर. वरून पाऊस. झुरिया, म्हणजे स्मिता पाटील, भटाच्या दारात येऊन आक्रोश करून जाते. मग पहाटे तो भट, मोहन आगाशे, प्रेताला हात न लावता पायाला दोरीचा फास अडकवतो आणि ओढत नेतो, मेलेली ढोरं टाकतात तिथं. परत येऊन ती जागा शुद्ध करतो.

हॉलात कुणी हललं नाही. रायसाहेबांनी एक अश्रू मागितला नाही, म्हणून सिनेमा इतका लागतो. चांभारवाड्यानं प्रेत उचलायचं नाकारलं, त्यात मला पहिला संप दिसला. नुसतं न येऊन त्यांनी सगळ्या बामणआळीचं पाणी बंद केलं. एवढी मोठी गोष्ट तिथं घडते, आणि चर्चेत तिच्यावर कुणी बोललं नाही. बोलले ते पावसावर आणि मूक वेदनेवर.

परतीच्या गाडीत आत्या बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रडतेय. मग म्हणाली, “उपाशी माणसानं गाठीच्या लाकडाला हात घालू नये. माझा बाप म्हणायचा, आधी भाकर माग, मग कुऱ्हाड उचल.” थोड्या वेळानं परत, “पर त्यो एवढा गप काहून? आमचा म्हातारा लाकूड फोडताना दर घावाला पाटलाला एक शिवी हासडायचा. पाटील आला की थांबायचा, गेला की परत सुरू.”

वाचकहो, माझ्या लेखाचा गाभा आत्यानं मुदखेड यायच्या आत सांगून टाकला. आपली माणसं मुकी नव्हती. पाटलासमोर गप्प आणि पाठीमागं बोलकी होती. जात्यावर बोलत होती, जलशात बोलत होती, म्हारवाड्याच्या कट्ट्यावर मध्यरात्रीपर्यंत बोलत होती. ज्यानं फक्त पाटलाच्या ओसरीवरून ऐकलं त्याला आपण मुके वाटलो. कॅमेरा त्या ओसरीवर ठेवलेला आहे. राय, बेनेगल, निहलानी यांच्या मनात दुष्टावा होता असं मी म्हणत नाही. त्यांची सहानुभूती खरी होती. पण ते उभे होते ती जागा ओसरीचीच होती, आणि तिथून जेवढं ऐकू येतं तेवढंच त्यांनी ऐकलं.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच ३१ जानेवारी १९२०ला पत्र काढलं त्याचं नाव ‘मूकनायक’ ठेवलं. ठेवलं की! पण मुक्यांना बोलतं करायला ठेवलं, आणि सात वर्षांत ‘बहिष्कृत भारत’ काढून महाडच्या तळ्याचा हिशेब मांडला. आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा पोचिराम कांबळे घ्या. ऑगस्ट १९७८, नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला होता. पोचिरामला हालहाल करून मारलं. मरेपर्यंत तो ‘जय भीम’ म्हणत राहिला असं आमच्याकडं अजून सांगतात. ‘अंकुर’ला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि ‘आक्रोश’ यायला दोन वर्षं होती. पोचिराम ज्या पडद्यावर येईल तिथं मुकं पात्र चालणार नाही. म्हणून तर तो येत नाही!

चौथ्या दिवशी ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांचा पहिला मोठा सिनेमा. २०१३चा, थेटरात २०१४च्या फेब्रुवारीत आला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला पोरगा कॅमेऱ्यामागं उभा राहिला आणि कॅमेरा ओसरीवरून खाली उतरला. कैकाडी घरातला जब्या, त्याचा बाप कचरू, काळी चिमणी, शालू, आणि डुकरं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मी दोनच जागा सांगतो. शाळेमागं डुक्कर धरायचं चाललंय, गाव जमून हसतंय, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, डुक्कर पळून जातं. देशानं आपल्याला काय दिलं आणि आपण देशाला काय देतो, याचा याहून मोठा हिशेब मी पडद्यावर बघितला नाही. दुसरी जागा म्हणजे डुक्कर बांबूला टांगून बापलेक निघतात तेव्हा मागं शाळेची भिंत, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू, गाडगेबाबा रंगवलेले. भिंतीवरची चित्रं आणि खालची वाट यांतलं अंतर आपल्या चळवळीनं रोज मोजायला पाहिजे.

आणि शेवटचा दगड. जब्या तो मारतो ते सरळ कॅमेऱ्याकडं. म्हणजे माझ्याकडं, तुमच्याकडं, पासाचे पैसे भरून गारव्यात बसलेल्या सगळ्यांकडं. १९७४चा दगड जमीनदाराच्या खिडकीवर गेला होता, बघणारा सुरक्षित होता. जब्याच्या दगडानं ती सोय काढून घेतली. आत्या दचकून मागं सरली, मग मोठ्यानं हसली. पुढच्या रांगांत कुणी हसलं नाही.

तरी ‘फँड्री’ची आरती करायला मी उठलो नाही. दोन गोष्टी खटकल्या. शालू सबंध सिनेमात नुसती बघायची वस्तू आहे, तिला मन आहे की नाही ते कळत नाही. जिला मुकं केलं ती यावेळी मुलगी आहे, एवढाच बदल. आणि जब्याचा राग त्याच्या एकट्याचा आहे. त्याच्यामागं संघटना नाही, वस्ती नाही, त्याला कुणी पुस्तक दिलेलं नाही. हे वास्तव असेल. कैकाड्याच्या एका घरापर्यंत आपली चळवळ पोचलीच नाही, हे त्यातलं वास्तव. मग तो दगड आपल्यालाही लागतो, कार्यकर्ते हो.

त्या रात्रीच्या चर्चेत एक गृहस्थ म्हणाले, सिनेमा उत्तम, पण आता गावं बदलली, असं काही राहिलं नाही. मी उठलो. माईक मिळाला नाही, तसाच बोललो. म्हटलं, नांदेडला लागून बोंढार हवेली आहे. १ जून २०२३ला तिथं आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग धरून मारलं, अशी फिर्याद आहे. या हॉलातून तिथं जायला किती वेळ लागतो ते बाहेर रिक्षावाल्याला विचारा. हॉल शांत झाला. मग आभारप्रदर्शन झालं.

आता कुणी म्हणेल, झालं ते झालं, आज आपण बोलतो आहोत ना. बोललं की काय होतं तेही सिनेमानंच दाखवलंय. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे गाणं म्हणतो. ते ऐकून एका गटार कामगारानं जीव दिला, असा खटला त्याच्यावर उभा राहतो. कांबळ्याचं काम केलं होतं वीरा साथीदार यांनी. नागपूरचा चळवळीतला माणूस, ‘विद्रोही’चा संपादक, एप्रिल २०२१मध्ये करोनानं गेला. सिनेमाच्या शेवटी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. जज्ज कुटुंबाला घेऊन रिसॉर्टवर जातो, बाकावर झोपतो. शाहीर कुठं आहे ते आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्याची सुट्टी कुणाला असते आणि कुणाला नसते, हे मला त्या मे महिन्याच्या हॉलात आठवत राहिलं.

आणि ‘फुले’ तर ताजाच. ११ एप्रिल २०२५ला, जोतिबांच्या जयंतीला येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डानं बदल सांगितले, सिनेमा २५ एप्रिलला आला. काढायला सांगितलेल्या शब्दांत ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ होते. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणायचं नाही, ‘कित्येक वर्षांची’ म्हणायचं. जातीचा जाच सांगायचा, पण जातीचं नाव घ्यायचं नाही. पूर्वी पात्राला जीभच देत नव्हते. आता जीभ देतात आणि शब्द काढून घेतात.

इथवर त्यांचं झालं. आता आपलं. आपण सिनेमाकडं कसं बघतो? ‘झुंड’मध्ये जयंतीच्या मिरवणुकीत अमिताभ बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिला, आपण शिट्ट्या मारल्या, मोबाईलवर ते फिरवलं. आनंद झाला हे मान्य. पण फोटो दिसला की सिनेमा आपला, हे कसलं परीक्षण? जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आपण जयंतीला लावतो, अर्धे लोक बघतात, अर्धे मंडपात जेवतात, संपला की जयघोष. त्यातलं काय पटलं, काय सुटलं, यावर आपल्या वस्तीत कधी तासभर वाद झालाय? दर्शन घ्यायची सवय आपण दीक्षा घेताना सोडली होती. सिनेमाच्या पडद्यासमोर ती परत आली आहे.

मग करायचं काय? रडगाणं पुरे. पी. के. रोझी ही मल्याळम सिनेमाची पहिली नायिका, दलित बाई. जे. सी. डॅनिएलच्या ‘विगतकुमारन’मध्ये तिनं नायर बाईचं काम केलं म्हणून सवर्णांनी पडद्यावर दगड मारले, तिला गाव सोडून पळावं लागलं. आज चेन्नईत पा. रंजित यांचं नीलम सांस्कृतिक केंद्र तिच्या नावानं एप्रिलमध्ये चित्रपट महोत्सव भरवतं. कर्नाटकात हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासमनं १९७०च्या दशकातच फिल्म सोसायटी काढली आणि जगातले सिनेमे शेतकऱ्यांपुढं ठेवले. आपल्या महाराष्ट्रात जत्रेच्या तंबूत टुरिंग टॉकीजवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पडदा लावला. आपल्याला एक पांढरी चादर आणि भाड्यानं एक प्रोजेक्टर मिळत नाही?

उमरीत आम्ही ठरवलंय. पुढच्या उन्हाळ्यात, जयंतीचा मंडप निघाला की त्याच जागेवर चार रात्री. हार नाहीत, सत्कार नाहीत, पाहुण्यांच्या खुर्च्या नाहीत. ‘सद्गती’ आणि ‘फँड्री’ दाखवायचे, ‘कोर्ट’ दाखवायचा. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवायचा, रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ला पोलिसांनी दहाजण मारले तिथून सुरू होणारा. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवरचे ‘वैजयंता’, ‘फकिरा’ मिळाले तर तेही. कैकाड्यांच्या, वडारांच्या, मांगांच्या वस्तीत स्वतः जाऊन सांगायचं. सिनेमा संपला की पहिल्यांदा बायकांनी बोलायचं, मग पोरांनी, पुढाऱ्यांनी सर्वांत शेवटी, तेही वेळ उरला तर. जो ‘मूक वेदना’ म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा दंड चुलतभावानं सुचवलाय, तो मंजूर झाला.

आत्याला विचारलं, पहिल्या रात्री काय लावू? म्हणाली, “त्यो लाकूड फोडणारा लाव. मला त्याच्या बायकोशी दोन शब्द बोलायचेत.”

जय भीम.